उकल मिळाली, पण ती टिकेल का?
सौरपंपाचा कंट्रोलर आणि आपली पाठ्यपुस्तके

महाराष्ट्राच्या इयत्ता दहावीसाठी २०१८ साली आलेल्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’ या पुस्तकाच्या दुसऱ्या भागात ‘हरित ऊर्जेच्या दिशेने’ हा पाठ आहे. त्यातील सौर विद्युतघटाचे विवेचन चांगले उतरले आहे. एक चौरस सेंटिमीटरच्या सिलिकॉन घटापासून सुमारे ०.५ व्होल्ट विभवांतर आणि ३० मिलिअँपिअर विद्युतधारा मिळते, येथून सुरुवात होते. मग घटांची एकसर आणि समांतर जोडणी, त्यांतून पॅनेल, पॅनेलांतून मोठी मालिका, अशा पायऱ्या विद्यार्थी चढत जातो. प्रत्येक पायरीवर त्याला स्वतः हिशेब करता येतो. शालेय विज्ञान असेच असावे.

पण पॅनेलच्या पुढे गेले की पुस्तक हात आखडता घेते. पॅनेलमधून मिळणारी वीज दिष्ट असते आणि प्रत्यावर्ती वीज हवी असेल तर इन्व्हर्टर वापरतात, एवढ्यावर विषय संपतो. आकृतीत एक चौकोन काढलेला असतो. एका बाजूने बाण आत जातो, दुसऱ्या बाजूने बाहेर येतो. चौकोनात काय घडते, याबद्दल काही नाही.

या चौकोनाबद्दल आमची तक्रार आहे. तो रिकामा आहे एवढीच ती नाही. दहावीच्या पाठात सगळेच कोंबावे असे कोणी म्हणणार नाही. पण चौकोन काढताना एक समज नकळत रुजते, की आत जेवढी शक्ती येईल तेवढी बाहेर जाईल आणि मध्ये काही बिघडण्यासारखे नाही. वस्तुस्थिती वेगळी आहे. सौर ऊर्जेच्या संचात नाजूक भाग असतो तो हाच.

हा प्रश्न कोणाचा?

वाशिमसारख्या जिल्ह्यात हा चौकोन आता शेताच्या बांधावर उभा आहे. सोयाबीन आणि तूर या खरिपाच्या पिकांनंतर ज्याच्या विहिरीत पाणी टिकते तो हरभरा किंवा गहू घेतो, आणि त्या पाण्यासाठी रात्रीच्या विजेची वाट पाहणे नको म्हणून सौरपंपाकडे वळतो. केंद्राची ‘पीएम कुसुम’ योजना २०१९ साली आली. राज्याची ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना २०२४ साली आली. तिच्यात सर्वसाधारण शेतकऱ्याने किमतीच्या १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने ५ टक्के वाटा भरायचा, आणि अडीच एकरांपर्यंत ३, पाच एकरांपर्यंत ५ व त्याहून अधिक जमिनीस ७.५ अश्वशक्तीचा पंप मिळायचा, असे ठरले.

शेतकरी पॅनेलांना ‘प्लेटा’ म्हणतात आणि त्याखालच्या पेटीला ‘कंट्रोलर’. ही पेटी म्हणजेच पुस्तकातला चौकोन. ढग आला की पंप बंद पडतो, पुन्हा सुरू होतो, पुन्हा बंद पडतो. सकाळी पंप फिरताना ऐकू येतो, पण पाणी येत नाही. अशा वेळी ज्याला बोलावले जाते तो गावातलाच, दहावीनंतर आयटीआयमध्ये वायरमन किंवा इलेक्ट्रिशियन झालेला मुलगा असतो. ऊन कमी, प्लेटा खराब, पेटी खराब, यापलीकडे त्याच्याकडे चौथे उत्तर नसते, कारण ते त्याला कोणी शिकवलेले नसते. हे चौथे उत्तर दहावीच्या बीजगणितात दडलेले आहे, असे आमचे म्हणणे आहे.

आत काय असते?

कमी विभवांतर मिळवण्याचा जुना मार्ग म्हणजे मध्ये रोध घालून जादा विभवांतर त्यात खर्ची टाकणे. बारावीच्या भौतिकशास्त्रातील झेनर डायोडचे मंडल याच जातीचे. १८ व्होल्टवरून १२ व्होल्टची बॅटरी अशा रीतीने भारित केली, तर १८ भागांपैकी ६ भाग ऊर्जा उष्णता होऊन जाते. ३६ व्होल्टवरून केली तर दोन तृतीयांश ऊर्जा वाया.

स्विचिंग कन्व्हर्टर वेगळा मार्ग घेतो. ट्रान्झिस्टर पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद एवढ्या दोनच अवस्थांत ठेवायचा आणि सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करायची. पूर्ण चालू असताना त्यावर विभवांतर जवळजवळ नसते, पूर्ण बंद असताना त्यातून धारा नसते, म्हणून दोन्ही वेळा त्यात ऊर्जा फारशी जळत नाही. उघडझापेतून येणारे तुकडे वेटोळे आणि धारित्र मिळून सपाट करतात. ३६ व्होल्टचा पुरवठा एक तृतीयांश वेळ चालू ठेवला, तर सरासरी १२ व्होल्ट मिळतात. विभवांतर वाढवायचे असेल किंवा दिष्टाचे प्रत्यावर्ती करायचे असेल, तरी युक्ती हीच, फक्त मांडणी वेगळी.

‘सरासरी’ हा शब्द या विषयाचा कणा आहे. उघडझाप करणारे मंडल क्षणाक्षणाला बदलते, त्याचे समीकरण मांडणे अवघड. १९७६ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे आर. डी. मिडलब्रूक आणि स्लोबोदान चुक यांनी एक निबंध वाचला. चालू अवस्थेचे समीकरण आणि बंद अवस्थेचे समीकरण यांची वेळेच्या प्रमाणात सरासरी घ्या, म्हणजे उघडझाप नाहीशी होऊन एकच गुळगुळीत प्रतिमान हाती येते, असे त्याचे सार. या एका कल्पनेने कन्व्हर्टरची रचना हा अंदाजाचा विषय न राहता हिशेबाचा विषय झाला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील व्ही. रामनारायणन यांची या विषयावरील टिपणे आणि आयआयटी मुंबईचे बी. जी. फर्नांडिस यांची पॉवर इलेक्ट्रॉनिक्सवरील व्याख्याने आज कोणालाही उपलब्ध आहेत. दोन्ही उत्तम आहेत, पण ती अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी आणि इंग्रजीत आहेत. दहावीच्या चौकोनापासून तिथवर जाणारा पूल कोणी बांधलेला नाही.

हा पूल बांधायला फार सामान लागत नाही. दोन उदाहरणे पुरतील. दोन्हींत शालेय गणिताबाहेरचे काही नाही.

उदाहरण पहिले: दोन उकली, निसर्गाची पसंती एकीला

पंपाचा कंट्रोलर मोटरला ठरावीक वेग देत असेल, तर मोटर ठरावीक शक्ती मागते. पुरवठ्याचे विभवांतर उतरले, तर तीच शक्ती मिळवण्यासाठी कंट्रोलर जास्त धारा ओढतो. साध्या बल्बचे वागणे याच्या उलट असते, विभवांतर उतरले की तो कमी धारा घेतो. फरक एवढाच, पण परिणाम मोठा.

समजा पुरवठा ४० व्होल्टचा आहे आणि त्याचा अंतर्गत रोध, तारांसकट, २ ओहम आहे. कंट्रोलर १५० वॅट मागतो. त्याच्या टोकांवरील विभवांतर ‘व’ मानले, तर येणारी धारा (४० − व) ÷ २ आणि मागितलेली धारा १५० ÷ व. दोन्ही समान ठेवल्यास

व² − ४०व + ३०० = ०

हे वर्गसमीकरण मिळते. त्याची मुळे ३० आणि १०. वर्गात आपण इथे थांबतो. एखादे मूळ ऋण असते तर ‘ग्राह्य नाही’ म्हणून सोडले असते. इथे दोन्ही धन आहेत, म्हणून दोन्ही उत्तरे लिहून खाली रेघ मारतो. ती रेघ मारण्याआधी एक प्रश्न राहिला आहे. पंप यांपैकी कोणत्या विभवांतरावर चालेल?

टोकांवर एक धारित्र असते. येणारी धारा जास्त असेल तर ते भरते आणि विभवांतर चढते, मागितलेली धारा जास्त असेल तर ते रिकामे होते आणि विभवांतर उतरते. आता ३० व्होल्टवर असताना जरा धक्का लागून २९ झाले असे माना. येणारी धारा ५.५ अँपिअर, मागणी सुमारे ५.१७. येणारी जास्त, म्हणून धारित्र भरते आणि विभवांतर पुन्हा ३० कडे जाते. १० व्होल्टवर असताना ९ झाले, तर येणारी धारा १५.५ आणि मागणी सुमारे १६.६७. मागणी जास्त, म्हणून विभवांतर आणखी उतरते आणि उतरतच जाते. पहिली उकल वाटीच्या तळाशी ठेवलेल्या गोटीसारखी, दुसरी पालथ्या वाटीच्या माथ्यावर ठेवलेल्या गोटीसारखी. दोन्ही समीकरणात बसतात, पण टिकते एकच.

पुढे मागणी वाढवून पाहा. १९२ वॅटला मुळे २४ आणि १६. २०० वॅटला दोन्ही एकत्र येऊन २०. २१० वॅटला विवेचक ऋण, मुळेच नाहीत. वर्गात आपण ‘वास्तव मुळे नाहीत’ असे लिहितो. शेतात त्याचा अर्थ असा, की धारित्र रिकामे होत जाते, विभवांतर कोसळते, कंट्रोलर स्वतःच्या रक्षणासाठी पंप बंद करतो. पंप बंद झाला की मागणी शून्य, विभवांतर पुन्हा ४० वर. कंट्रोलरला वाटते सगळे ठीक आहे. तो पंप सुरू करतो आणि तोच खेळ पुन्हा. मागणी तीच राहून पुरवठा खचला तरी हेच घडते. ढगाळ दिवशीच्या चालू-बंदचे हे एक कारण आहे. त्यात ना प्लेट खराब, ना पेटी.

याच हिशेबाची दुसरी बाजू मिडलब्रूक यांनी १९७६ मध्येच दुसऱ्या एका निबंधात मांडली. ठरावीक शक्ती मागणारे उपकरण बारीक बदलांपुरते ऋण रोधासारखे वागते. त्या रोधाची किंमत विभवांतराच्या वर्गाला शक्तीने भागून मिळते. आमच्या उदाहरणात ३० व्होल्टवर ती ६ ओहम येते, पुरवठ्याच्या २ ओहमांहून मोठी. १० व्होल्टवर ती ०.६७ ओहम, २ हून लहान. २०० वॅटला दोन्ही बरोबर २. पुरवठ्याचा रोध उपकरणाच्या या रोधापेक्षा बराच कमी ठेवा, हा त्यांचा नियम आजही रचनाकार पाळतात. आमच्या शालेय पुस्तकांतला रोध मात्र सदैव धनच असतो.

हे सौर पॅनेलचे हुबेहूब प्रतिमान नाही, हेही सांगितले पाहिजे. पॅनेलचा आलेख सरळ रेषा नसून गुडघ्यासारखा वाकतो. सरळ रेषेत कमाल शक्ती खुल्या विभवांतराच्या निम्म्यावर मिळते, तर सिलिकॉन पॅनेलमध्ये ती सुमारे तीन चतुर्थांशाच्या पुढे मिळते. त्यामुळे कोसळण्याची कड आणखी जवळ असते. पण दोन उकली, त्यांतली एकच टिकणारी, आणि ऊन उतरताना दोन्हींचे एकत्र येऊन नाहीसे होणे, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच आहे.

मग चांगला कंट्रोलर काय करतो? तो मागणी कमी करतो, म्हणजे मोटरचा वेग उतरवतो. पंपाची शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते. वेग ८० टक्के केला तर शक्ती सुमारे ५१ टक्क्यांवर येते. पण पंप पाणी किती उंच उचलू शकतो हे वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. पूर्ण वेगाला ३० मीटर उंची गाठणारा पंप ८० टक्के वेगाला १९.२ मीटरच गाठतो. पाणी २० मीटर उचलायचे असेल, तर पंप फिरतो आणि पाणी येत नाही. सकाळच्या तक्रारीचे उत्तर इतके सोपे आहे.

उदाहरण दुसरे: सरासरी बरोबर, तरी डोलारा डळमळीत

पहिल्या उदाहरणात सरासरीचे प्रतिमान पुरेसे पडले. आता ते कुठे कमी पडते ते पाहू.

१२ व्होल्टची बॅटरी भारित करणारा एक कन्व्हर्टर घ्या. त्याचे नियंत्रण असे: ठरावीक कालांतराने ठोका पडतो आणि स्विच चालू होतो. वेटोळ्यातली धारा चढू लागते. ती ठरवलेल्या मर्यादेला पोचली की स्विच बंद होतो आणि पुढच्या ठोक्यापर्यंत धारा उतरत राहते. ही पद्धत अतिशय रूढ आहे. चढण्याचा वेग पुरवठा वजा १२ व्होल्ट यावर अवलंबून, उतरण्याचा वेग १२ व्होल्टवर.

एखाद्या ठोक्याला धारा नेहमीपेक्षा थोडी जास्त निघाली, तर ती मर्यादेला लवकर पोचते, म्हणून उतरायला जास्त वेळ मिळतो आणि पुढच्या ठोक्याला ती नेहमीपेक्षा कमी असते. ही तूट मूळच्या चुकीच्या किती पट? उतरण्याचा वेग भागिले चढण्याचा वेग, तितक्या पट. पुरवठा ३६ व्होल्टचा असेल तर १२ ÷ २४, म्हणजे अर्धी. चूक १, −०.५, ०.२५, −०.१२५ अशी विरून जाते. पुरवठा १८ व्होल्टचा असेल तर १२ ÷ ६, म्हणजे दुप्पट. चूक १, −२, ४, −८ अशी वाढत जाते.

ही साधी भूमिती श्रेढी आहे. पहिलीचे गुणोत्तर −०.५, दुसरीचे −२. स्विच निम्म्याहून अधिक वेळ चालू राहू लागला की हे गुणोत्तर १ च्या पलीकडे जाते. प्रत्यक्षात चूक अमर्याद वाढत नाही, स्विचलाच मर्यादा असतात. म्हणून एक ठोका लांब, एक आखूड अशी लय लागते, किंवा कधीकधी लय अशी काही राहतच नाही. बाहेर बॅटरीला मिळणारी सरासरी पाहिली तर बिघाड सहज लक्षात येत नाही. वेटोळे मात्र गुणगुणू लागते आणि धारेचे हेलकावे वाढतात.

चूक दर ठोक्याला चिन्ह बदलते, म्हणून सरासरी घेतली की ती पुसली जाते. १९७६ च्या प्रतिमानाची मर्यादा नेमकी येथे आहे. उघडझापेपेक्षा बऱ्याच संथ बदलांसाठी ते उत्कृष्ट आहे, उघडझापेच्या वेगाजवळचे बदल त्याला दिसत नाहीत. व्हर्जिनिया टेकमध्ये १९९० साली रेमंड रिडली यांनी आपल्या प्रबंधात ही उणीव भरून काढणारे प्रतिमान दिले. त्याआधी १९८८ मध्ये हॅमिल आणि जेफरीज यांनी अशा मंडलांत अराजकी वर्तन दिसते हे दाखवले होते. भारतात आयआयटी खरगपूरच्या सौमित्र बॅनर्जी यांनी या क्षेत्रात मोलाचे काम केले. जॉर्ज व्हर्गीस यांच्याबरोबर त्यांनी संपादित केलेला ग्रंथ २००१ साली प्रसिद्ध झाला.

उपायही श्रेढीतूनच निघतो. मर्यादा स्थिर न ठेवता प्रत्येक ठोक्यानंतर ती ठरावीक उताराने खाली आणायची. १८ व्होल्टच्या उदाहरणात चढ ६ आणि उतार १२ या प्रमाणात आहेत. मर्यादेला ६ चा उतार दिला तर गुणोत्तराची किंमत (१२ − ६) ÷ (६ + ६), म्हणजे पुन्हा अर्धी होते. १२ चा उतार दिला तर शून्य, चूक एकाच ठोक्यात संपते. दूरचित्रवाणी संच आणि संगणकांच्या पुरवठ्यांत वर्षानुवर्षे वापरल्या गेलेल्या यूसी ३८४२ या चिपच्या कुळात यूसी ३८४४ ही एक चिप आहे. ती स्विचला निम्म्याहून अधिक वेळ चालूच राहू देत नाही, त्यामुळे ही अडचण तिथे उद्भवत नाही. त्या पन्नास टक्क्यांच्या आकड्यामागचे गणित अकरावीच्या विद्यार्थ्यालाही पेलणारे आहे.

आमचा आक्षेप

यंत्रशास्त्रात आपण गोटी आणि वाटीचे उदाहरण देऊन स्थायी आणि अस्थायी समतोल शिकवतो. विजेकडे वळलो की हा विचार मागे टाकतो. ओहमचा नियम, एकसर-समांतर जोडणी, किरचॉफचे नियम, सगळीकडे प्रश्न एकच असतो: विभवांतर किती, धारा किती? उत्तर काढले, एकक लिहिले, गुण मिळाले. ते उत्तर धक्का लागल्यावर टिकेल का, हा प्रश्न विजेच्या पाठात कुठेच येत नाही. गणिताच्या पुस्तकात विवेचक ऋण आला की उदाहरण संपते. त्या ऋण विवेचकाचा अर्थ बंद पडलेला पंप असा असू शकतो, हे ना गणिताचे पुस्तक सांगते ना विज्ञानाचे.

अभ्यासक्रम आधीच जड आहे, त्यात ही भर कशाला, असे शिक्षक म्हणतील. तक्रार रास्त आहे. पण आम्ही नवा पाठ मागत नाही. ट्रान्झिस्टरची उघडझाप, ऋण रोध, उतरती मर्यादा यांपैकी काहीही दहावीच्या परीक्षेला नको. हवा आहे तो उत्तराखाली रेघ मारण्याआधीचा एक प्रश्न. आणि प्रतिमान वापरले असेल तर त्याच्यासोबत आणखी एक: यात काय गाळले आहे? सरासरीने उघडझाप गाळली, सरळ रेषेने पॅनेलचा गुडघा गाळला. गाळणे हा दोष नव्हे, गाळल्याशिवाय प्रतिमान बनतच नाही. काय गाळले ते न सांगणे हा दोष आहे, आणि पुस्तकातला चौकोन तो करतो.

शिक्षकांना करण्याजोगी एक गोष्ट सुचवून थांबतो. वर्गसमीकरणांचा घटक शिकवताना व² − ४०व + ३०० = ० हे उदाहरण घ्या. दोन्ही मुळे काढून झाली की फळ्यावर तीन स्तंभ आखा: विभवांतर, येणारी धारा, मागितलेली धारा. ८ व्होल्टपासून ३४ व्होल्टपर्यंत दोन-दोन व्होल्टांच्या अंतराने विद्यार्थ्यांकडून आकडे भरून घ्या आणि प्रत्येक ओळीपुढे विभवांतर चढेल की उतरेल याचा बाण काढायला सांगा. बाण ३० कडे येताना आणि १० पासून दूर जाताना मुलांना आपोआप दिसतील. मग १५० च्या जागी २१० वॅट घेऊन तोच तक्ता पुन्हा भरायला द्या. सगळे बाण खाली वळतील. वाशिम, रिसोड किंवा मानोऱ्याच्या वर्गात एखादी मुलगी नक्की म्हणेल, की आमच्या शेतातला पंप ढग आल्यावर असाच करतो. त्या तासापुरता तरी पुस्तकातला चौकोन उघडलेला असेल.